मोरीचा उतार

माझ्या आत्याला तिच्या ऑफिसात बादलीबाई म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’ आणि पाठ वळली की बादलीबाई. तिला ते ठाऊक होतं. ‘आमच्या साहेबांना मागे काय म्हणतात ते ऐकलंस तर माझं नाव तुला बक्षीस वाटेल,’ असं ती मला एकदा म्हणाली. साहेबांना काय म्हणत ते मात्र तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. माणसांच्या गोष्टी ती पोटात ठेवायची. रेघांच्या बाबतीत मात्र तिची जीभ फार सैल होती. रस्त्यावरचा पांढरा पट्टा वाकडा दिसला तरी ती चालता चालता थांबून तो रंगवणाऱ्याचा उद्धार करायची.

ती पाण्याच्या खात्यात नकाशे काढायची. तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी तिचं टेबल होतं, वर काच आणि काचेच्या पोटात दिवा. दिवा लावला की वर ठेवलेल्या जाड कागदाखालच्या जुन्या रेघा वर दिसू लागायच्या, आणि त्यावरून ती नव्या काढायची. शाईची रेघ चुकली तर खोडरबराचं काही चालत नाही. ब्लेडच्या कोपऱ्याने ती हलकेच खरवडून काढावी लागते, कागद फाटू न देता. आत्याच्या पर्समध्ये एक वेळ कंगवा नसायचा, पण ब्लेड असायचंच. आतोबा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले. मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, हे टेबल, आणि शनिवारी दुपारच्या बसने माहेर, असा तिचा आठवडा होता. माहेर म्हणजे आमचं घर. बाबा तिचे धाकटे भाऊ. ती त्यांना नावाने कधीच हाक मारत नसे, ‘धाकट्या’ म्हणायची. बाबांच्या मिशा पिकल्या तरी ते धाकट्याच राहिले.

मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा खात्याने एक मोठं काम काढलं. तोवर पाण्याचा कारभार जुन्या सरकारी हद्दींप्रमाणे चाले. एकाच नदीचं डोकं एका ऑफिसकडे, पोट दुसऱ्याकडे आणि पाय तिसऱ्याकडे. वरच्या ऑफिसने विहिरींना परवानग्या वाटत सुटायचं आणि खालच्याने कोरड्या पात्रात उभं राहून पत्रं पाठवायची. आता ठरलं असं की हद्दी पाण्याने ठरवायच्या. पावसाचा थेंब जमिनीवर पडून ज्या नदीला मिळेल, तो त्या नदीचा प्रदेश. प्रत्येक प्रदेशाची एक समिती, आणि किती बोअर, किती उपसा, हे सगळं ती समिती ठरवणार.

ऐकायला हे फार सोपं आहे. डोंगराच्या धारेवर तर खरंच सोपं आहे; या बाजूचं पाणी इकडे, त्या बाजूचं तिकडे. पण जिथे जमीन पसरट आहे, उंचवटा आहे की नाही हेच डोळ्यांना कळत नाही, तिथे नकाशावरच्या उंचीच्या रेषा एकमेकींपासून लांब लांब जातात आणि मधल्या मोकळ्या जागेत काय चाललंय ते सांगत नाहीत. तिथे आत्या स्वतः जायची. सोबत फीतवाले काका, म्हणजे ऑफिसातले मापं घेणारे गृहस्थ. त्यांच्या एका हातात फीत, दुसऱ्या हातात बादली. शंका आली की आत्या जवळच्या घरातून पाणी मागून घ्यायची, जमिनीवर ओतायची आणि कमरेवर हात ठेवून ते कुठे जातं ते बघत उभी राहायची. लोकांना वाटायचं, बाई सडा घालायला सरकारी पगार घेते.

‘नकाशावर माझी सगळ्यात बारीक रेघसुद्धा जमिनीवर गल्लीएवढी रुंद असते,’ ती सांगायची. ‘त्या रेघेत माणसं राहतात. त्यांचं काय करायचं?’

हा प्रश्न मोठ्या बैठकीत निघाला तेव्हा सकाळपासून भांडून सगळे थकले होते. घर नेमकं रेघेवर आलं तर ते कोणत्या प्रदेशात धरायचं? एक म्हणाला, पुढचं दार ज्या बाजूला, ती बाजू. दुसरा म्हणाला, छपराची मोठी पाख ज्या बाजूला ती. वकील म्हणाले, मालकाला विचारावं, आणि त्यावर सगळे एकदम ओरडले. आत्या कोपऱ्यात नकाशाच्या गुंडाळ्या सांभाळत बसली होती. ती म्हणाली, ‘मोरी बघा. पाऊस चार महिने पडतो, मोरी बारा महिने वाहते. ज्या खोऱ्यात घराचं सांडपाणी जातं, त्या खोऱ्याने ते घर आपलं म्हणावं.’ लोक हसले. मग कुणीतरी म्हणालं, जेवणाची वेळ टळून गेली आहे. आणि नियम मंजूर झाला. माझा असा समज आहे की जगातले निम्मे नियम असेच पोटात कावळे ओरडत असताना मंजूर झालेले असतात.

आता आमचं घर. ते त्या पसरट उंचवट्यावर, मोठ्या रस्त्याच्या कडेला आहे. दुपाखी छप्पर, पुढे ओटा, मागे बाबांची रोपवाटिका. बाबांच्या हाताला गुण होता. वाळकी काडी खोचली तरी त्यांच्याकडे ती फुटायची. आणि तोंडाला त्याहून जास्त गुण होता. एखादं बाळ बघायला आलेल्या पाहुण्याला ते दोन रोपं विकून परत पाठवत. त्यांच्याकडे एक जुनी विहीर होती. ती उन्हाळ्यात तळ दाखवायची. म्हणून त्यांना बोअर घ्यायचं होतं, आणि बोअर लागलं की मागच्या मोकळ्या जागेत हिरव्या जाळीची मोठी शेड उभारायची होती. शेडचं चित्र त्यांनी जेवणाच्या टेबलावर इतक्या वेळा बोटाने काढून दाखवलं होतं की आई म्हणायची, तिथलं लाकूड झिजलंय.

आमच्या उत्तरेला तलावाचं खोरं. तिथे पाणी मुबलक होतं, नव्या बोअरला परवानगी मिळायची. दक्षिणेच्या खोऱ्यात विहिरी दर वर्षी खाली खाली चालल्या होत्या. पायथ्याच्या वस्तीत बायका टँकरच्या मागे पळत होत्या. तिथे नव्या बोअरला सक्त बंदी घालायचं ठरलं होतं. आणि आमच्या घराची मोरी लहानपणापासून, म्हणजे बाबांच्या आणि आत्याच्या लहानपणापासून, दक्षिणेला वाहत होती.

बाबांनी नियम ऐकला, दोन दिवस गप्प बसले, आणि तिसऱ्या दिवशी गवंडी घेऊन आले.

मोरी फोडली. तळ चांगला वीतभर उचलला, कारण जमिनीचा खरा उतार दुसरीकडे होता आणि पाणी उलट्या दिशेला न्यायचं तर त्याला आधी वर चढवणं भाग होतं. नवा पाइप घालून तो उत्तरेच्या भिंतीतून बाहेर काढला. जुनं भोक सिमेंटने बुजवलं. आई ओट्यावर बसून बघत होती. ती एवढंच म्हणाली, ‘अहो, ती तुमची बहीण आहे. परकी नाही.’

‘म्हणून तर,’ बाबा म्हणाले. ‘ती कशाला येईल तपासायला? दुसऱ्या कुणाला तरी पाठवेल. भावाच्या घराचा निकाल बहीण देत नसते.’

बाबांचा हिशेब अगदी शहाण्या माणसाचा होता. साहेबांनीही आत्याला तेच सांगितलं होतं, की हे घर दुसऱ्याला देऊ. आत्या ऐकेना. तिने हट्ट धरला की आमच्या घरी तीच जाणार. साहेबांना वाटलं, बाईला भावाचं भलं करायचंय, आणि त्यांनी भल्या मनाने डोळेझाक केली. भला माणूसही कसा चुकतो बघा.

ती शनिवारीच आली, पण दुपारच्या बसने नाही. सकाळी ऑफिसच्या जीपमधून, फीतवाल्या काकांसोबत. बाबांचा चेहरा क्षणभर पडला, मग त्यांनी तो नेहमीच्या ग्राहकासाठी उचलतात तसा उचलला. ‘या, सरकार आलं! अगं, चहा टाक.’

‘आधी पाणी दे वहिनी, बादलीभर,’ आत्या म्हणाली.

ती बादली घेऊन मोरीत शिरायला गेली आणि उंबऱ्याशीच थांबली. आमच्या मोरीत नेहमी एक पायरी उतरावं लागे. त्या दिवशी तिला पाय उचलावा लागला. तिने बादली ओतली. पाणी जरा घुटमळलं, मग नव्या पाइपातून गेलं आणि उत्तरेच्या भिंतीबाहेर पडल्याचा आवाज आला.

फीतवाले काका मागून फिरून आले. ‘बाई, उत्तर,’ ते म्हणाले आणि पेन्सिल काढली.

‘दक्षिण लिहा,’ आत्या म्हणाली.

‘पाणी तर तिकडे गेलं.’

‘गेलं. तरी दक्षिण लिहा. या मोरीत मी आंघोळी केल्यात.’

काकांनी तळाकडे पाहिलं. ओल्या सिमेंटचा रंग अजून पुरता उडाला नव्हता. ते हळूच म्हणाले, ‘बाई, मोरीत फेरफार केला असेल तर तेही लिहावं लागतं. दंड आहे. रोपवाटिकेचा परवानाही जाईल.’

‘तुम्हाला फेरफार दिसतो?’

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. ‘मला सिमेंटमधलं काही कळत नाही,’ असं म्हणून ते जीपकडे गेले. त्या माणसाबद्दल मला तेव्हापासून आदर आहे.

मग बाबा फुटले. एवढा वेळ त्यांनी कसा दम धरला कोण जाणे. ‘दुसऱ्या कुणाला पाठवायचं होतंस ना! तो आला असता, बादली ओतली असती आणि गेला असता. कुणाचं काय बिघडलं असतं?’

‘म्हणूनच मी आले,’ आत्या म्हणाली.

‘एका बोअरने काय नदी आटणार आहे? जमिनीखाली पाण्याला तुझी रेघ दिसते का गं?’

‘नाही दिसत. खालच्या वस्तीलाही दिसत नाही. त्यांना फक्त विहिरीचा तळ दिसतो. रेघेवर तुझ्यासारखी पुष्कळ घरं आहेत, धाकट्या. सगळ्यांकडे गवंडी आहेत. तुझी मोरी सोडली तर मी कुणाच्या घरात बादली घेऊन जाऊ?’

‘त्यांची बहीण खात्यात नाही. मला एक बहीण आहे, ती मला एवढंही करत नाही.’ बाबांचा आवाज चिरकला. ते रागावले की मोठे वाटत, पण त्या दिवशी खरंच धाकटे वाटले. ‘जा. तुझी रेघ घे आणि जा. पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस.’

आईने तोवर चहा आणला होता. आत्याने तो उभ्यानेच प्यायला. तिची सवय होती, आपला कप आपण धुवायचा. ती मोरीकडे वळली, मग काय वाटलं कोण जाणे, तिने तो उष्टा कप ओट्यावर ठेवला आणि निघाली. मला एवढं रडू आलं की मी मागे रोपांमध्ये जाऊन बसले. राग कुणाचा आला होता ते मला तेव्हा ठरवता आलं नाही. नंतरही बरीच वर्षं आलं नाही. बाबांचा येई, कारण ते खोटं वागले होते. आत्याचा येई, कारण ती खरं वागली होती आणि त्याची किंमत आम्ही सगळे देत होतो.

किंमत द्यावी लागलीच. शेड झाली नाही. हिरवळीचे वाफे आणि गुलाबांच्या रांगा बाबांनी एका उन्हाळ्यात विकून टाकल्या, पाणी पुरेना म्हणून. छपराच्या दोन्ही पाखांना पन्हळी लावून पावसाचं पाणी टाकीत साठवायला सुरुवात केली. कमी पाण्यावर तगणारी रोपं ठेवली. ती कुणी हौसेने घेत नाही, नाइलाजाने घेतात, आणि नाइलाजाने घेणाऱ्यापुढे बाबांच्या गोड बोलण्याचा उपयोग होत नसे. सकाळी ते शाळेची बस चालवू लागले. पोरं त्यांना बसकाका म्हणायची. पोरांना ते हसवायचे. घरी आल्यावर हसू संपलेलं असायचं.

आणि मोरी सारखी तुंबायची. उलट्या उताराने दुसरं काय होणार? नवा पाइप आपला होताच तिथे, उत्तरेला तोंड करून. तळाशी पाणी साचायचं, आई करवादायची आणि बाबा तार घेऊन पाइपात खुपसत बसायचे. त्या पाइपाने त्यांना काही दिलं नव्हतं. तरी तो काढून टाकायला ते तयार नव्हते. काढला असता तर खोटं केलं होतं हे कबूल केल्यासारखं झालं असतं, असं मला वाटतं.

आत्याचं नाव घरात निघत नसे. आई मात्र दर महिन्याला माझ्या हाती काहीतरी पाठवायची, स्वेटर, उशीचे अभ्रे, एकदा तर कुंडीसकट रोप. ‘मी वन्संशी बोलणं सोडलेलं नाही,’ ती म्हणाली होती. ‘तुझ्या बाबांना ते सांगणं सोडलंय.’ पुढे मला आत्याच्याच शहरात नोकरी लागली आणि शनिवारी मीच तिच्याकडे जाऊ लागले. ती नेमाने विचारायची, ‘धाकट्याची पाठ कशी आहे? बसच्या सीटवर उशी घेतो का?’ मी सांगितलेलं ती ऐकून घ्यायची. ‘मी चुकले का?’ असं तिने कधी विचारलं नाही. मीही ‘तू बरोबर होतीस’ असं म्हणाले नाही. आम्ही चहा प्यायचो आणि ती आपला कप धुवायची.

ती निवृत्त झाली. काचेचं टेबल भंगारात गेलं. नकाशे कॉम्प्युटरवर निघू लागले, आकाशातून जमिनीची उंची मोजणारी यंत्रं आली. मग खात्याने सगळ्या हद्दी नव्याने तपासायला काढल्या. बऱ्याच ठिकाणी जुन्या रेघा इकडे तिकडे सरकल्या. आमच्या उंचवट्यावर मात्र नवी रेघ पुन्हा बरोबर आमच्या घरावरूनच गेली. यंत्रालाही आमचं घर कुठल्या बाजूचं ते ठरवता येईना. अशा घरांसाठी जुनाच नियम ठेवला होता. मोरी जिकडे वाहते, तो प्रदेश.

खात्यातून बाबांना फोन आला की पुढच्या आठवड्यात माणूस येईल.

आणि मोरी तर आता उत्तरेला वाहत होती. सिमेंट जुनं होऊन काळं पडलेलं, पाइपावर शेवाळ. कुणालाही शंका आली नसती, आणि खरं तर शंका घेण्यासारखं काही उरलंही नव्हतं. इतकी वर्षं आमचं सांडपाणी तिकडेच जात होतं. आत्याच्याच नियमाने आम्ही उत्तरेचे झालो होतो. बाबांनी फक्त हातावर हात ठेवून बसायचं होतं. बोअर मिळालं असतं, शेड झाली असती, बस चालवणं सुटलं असतं.

मी शनिवारी आत्याला हे सांगितलं. तिने कप खाली ठेवला.

‘मग मिळेल त्याला बोअर,’ ती म्हणाली. ‘नियमात बसतंय. त्याने घ्यावं.’ थोडा वेळ ती खिडकीबाहेर बघत होती. ‘शेवटी व्हायचं ते झालंच की. मी तेव्हा गेले नसते तरी हेच झालं असतं, फक्त आधी. मधली सगळी वर्षं मला माझं घर राहिलं असतं.’ आणि मग ती रडली. आत्याला रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. ‘मला माझं माहेर हवं होतं गं,’ ती म्हणाली. ‘रेघ काय, ती कुणीही काढली असती.’

मी तिचा हात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी घरी गेले तर आई ओट्यावर, डोक्याला हात लावून. आतून घणाचे आवाज येत होते.

‘सकाळपासून मोरी फोडतायत,’ आई म्हणाली. ‘विचारलं तर म्हणतात, तुंबते. इतकी वर्षं तुंबत होती, तेव्हा तारेवर भागत होतं!’

बाबा गुडघ्यांवर बसून छिन्नी चालवत होते. पाठीला पट्टा बांधला होता. केसांत सिमेंटची धूळ. दक्षिणेच्या भिंतीतलं बुजवलेलं भोक त्यांनी आधीच मोकळं केलं होतं आणि त्यातून बाहेरचा उजेड आत आला होता.

‘बाबा, तो माणूस येतोय ना? तो येऊन जाऊ दे, मग फोडा,’ मी म्हणाले.

‘तो यायच्या आतच व्हायला हवं.’

‘पण मग दक्षिण लिहील तो. बोअर गेलं.’

‘मला कळतं.’ त्यांनी छिन्नी खाली ठेवली आणि बाहीने तोंड पुसलं. ‘फोनवर त्या पोराने मला काय विचारलं माहितीये? म्हणाला, बादलीबाईंचं माहेर ते हेच का? ऑफिसात अजून त्या नियमाला तिचंच नाव आहे म्हणे. आमच्यात नवीन माणूस आला की त्याला पहिल्यांदा बाईंची गोष्ट सांगतात, म्हणाला, सख्ख्या भावाच्या घरीसुद्धा त्यांनी दक्षिण लिहिलं होतं.’ त्यांनी हातांवरची धूळ झटकली. ‘आता तो इथे येणार, बादली ओतणार, आणि पाणी जाणार उत्तरेला. मग ऑफिसात जाऊन सांगेल, बाई चुकल्या होत्या.’

‘तुम्हीच तर म्हणत होता, ती चुकली म्हणून.’

‘मी म्हणेन,’ बाबा एकदम खेकसले. ‘मी भाऊ आहे. तो कोण लागून गेला?’

मग त्यांनी पुन्हा छिन्नी उचलली. गवंडी बोलवायला ते तयार नव्हते. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी वीतभर उचललेला तळ तुकड्या-तुकड्याने खाली उतरवला. आई शेवटी घमेली घेऊन राडारोडा उचलू लागली. ती मधूनच बोलायची, ‘ही अक्कल लग्नात मिळाली असती तर!’ पण तिचे डोळे वाहत होते.

तो माणूस आला. हातात यंत्र होतं, तरी घरातून बादली त्याने मागून घेतलीच. पाणी पायरी उतरून दक्षिणेच्या भोकातून सरळ निघून गेलं. त्याने नवं प्लास्टर पाहिलं, बाबांकडे पाहिलं.

‘काका, उत्तरेला असतात तर बोअर मिळालं असतं. माहिती आहे ना?’

‘मोरीला माहिती नाही,’ बाबा म्हणाले. ‘तुम्ही दक्षिण लिहा.’

तो गेल्यावर बाबा मला म्हणाले, ‘तुझ्या आत्याला सांग, मोरी दुरुस्त केली. बघून जा म्हणावं. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची तिला सवय आहे.’ माझ्याकडे न बघता म्हणाले. फोन तुम्हीच करा, असं मी म्हणायला तोंड उघडलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मिटलं.

आत्या शनिवारी दुपारच्या बसने माझ्यासोबत आली. बस रिकामी करून सगळे उतरले तरी ती दारात उभीच होती, बाबा स्टॉपवर छत्री धरून आले होते त्यांच्याकडे बघत. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता. छत्री का आणली ते त्यांनाच ठाऊक. ‘उतर ना, बस निघेल,’ ते म्हणाले. बसकाकांचा हा आवाज मी ओळखते. पोरांना ते असंच म्हणत.

घरी आल्यावर ती ओट्यावर बसली. आईने चहा दिला. बाबा टाकी कशी बांधली, पन्हळी कशा लावल्या ते सांगू लागले. आत्या मान हलवत होती. चहा संपला तशी ती उठली आणि कप घेऊन मोरीकडे गेली. उंबऱ्याशी तिचा पाय सवयीने खाली उतरला. खाली पायरी होती.

तिने नळ सोडला आणि कप धुतला. पाणी भिंतीतल्या भोकाकडे जाईस्तोवर ती त्याच्याकडे बघत राहिली. आम्ही सगळे दारात उभे होतो.

‘उतार कमी दिलास, धाकट्या,’ ती म्हणाली. ‘कोपऱ्यात पाणी साचेल.’

‘मग पुढच्या शनिवारी ये,’ बाबा म्हणाले. ‘तुझ्यासमोर पुन्हा फोडतो.’

आत्याने नळ बंद केला नाही. तोच कप तिने पुन्हा एकदा धुतला.